काउंटरपलीकडच्या चार चौकटी

चित्रपट्टी, म्हणजे कॉमिक स्ट्रिप, काढायला लागल्यापासून मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "चित्रकला कुठे शिकलात?" कुठेच नाही. शाळेत एलिमेंटरी दिली, इंटरमिजिएटच्या वेळी कांजिण्या निघाल्या आणि विषय तिथेच संपला. दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे: "एवढं सुचतं कुठून?" त्याचं उत्तर जरा लांबलचक आहे म्हणून इथे लिहितेय, कारण खरं सांगायचं तर मला काही सुचत नाही. विषय स्वतःच्या पायांनी पायरी चढून येतात, चप्पल बाहेर काढावी की नको या विचारात क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "ताई, परवा दिलं होतं ना, तसलंच काहीतरी द्या."

आमचं मेडिकल आहे. नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकातून आत वळल्यावर. स्टॉकिस्टकडच्या फेऱ्या, बँक, जीएसटी हे सगळं नवऱ्याकडे, काउंटर माझ्याकडे. डी. फार्मचं सर्टिफिकेट माझ्या नावाचं आहे, फ्रेम करून भिंतीवर टांगलंय, तेव्हा पांढरा ॲप्रन घालून उभं राहायचा मानही माझाच. दुपारी दोन ते चार सिडको झोपतं. दवाखाने बंद असतात, आणि गल्लीत फक्त भंगारवाल्याचा भोंगा फिरत असतो. तेवढ्या वेळात मी काढते. दर गुरुवारी एक पट्टी. नाव 'काउंटर'. दुसरं काय ठेवणार!

माझा भाचाही चित्रं काढतो, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगली काढतो. हातात बळ आहे त्याच्या. इंजिनिअरिंगला असताना त्यानं एक जंगी चित्रकथा सुरू केली. नायकाला पंख, खलनायकाला तीन डोळे, मागे आख्खं शहर जळतंय. पहिल्या पानावर त्यानं एवढ्या इमारती आणि एवढ्या खिडक्या काढल्या की दुसरं पान काढायला त्राणच उरलं नाही. ते एक पान फ्रेम करण्यासारखं झालंय, गोष्ट मात्र तिथेच जळत बसलीय. त्याला मी म्हटलं, बाबा रे, आधी एक जागा धर. एकच. ती सोडायची नाही.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकी खाली जे काही लिहितेय ते त्याचाच विस्तार.

एक जागा धरली की निम्मं काम आपोआप होतं. मागच्या फळ्या, कोपऱ्यातला फ्रिज, 'उधार मागू नये' ही पाटी, दाराशी वजनकाटा, हे एकदा ठरवून टाकलं की दर गुरुवारी नव्यानं डोकं चालवायला नको. पण खरा फायदा पुढे आहे. वाचणाऱ्याला ती जागा पाठ होते. मग त्या जागेत केसाएवढा बदल केला तरी त्याच्या लक्षात येतो. फ्रिजचं दार किंचित उघडं काढलं, की लगेच कुणीतरी लिहितं, "ताई, फ्रिज लावा, इन्सुलिन आहे आत." म्हणजे मला दार उघडं आहे हे सांगायला एक शब्दही खर्चावा लागत नाही. दर चौकटीत नवी जागा दाखवली तर वाचणारा जागाच बघत बसतो, माणसं काय बोलतायत तिकडे त्याचं ध्यान जात नाही.

काउंटर तर असल्या कामासाठीच बनवल्यासारखं आहे. मधे आडवी फळी. एका बाजूला मागणारा, एका बाजूला देणारी. दोघांची नुसती छातीपासून वरची चित्रं काढायची. पाय काढावेच लागत नाहीत! पाय काढायचा मला मनापासून कंटाळा आहे, आणि ज्यांना तो नाही अशी माणसं मला फार थोडी भेटली आहेत. हात मात्र काढावे लागतात, कारण काउंटरवर सगळं काही हातातच घडतं: चिठ्ठी, सुट्टे पैसे, मोबाइल, रिकाम्या पाकिटाचा कापलेला तुकडा.

एक गोष्ट मी विचार करून उलटी केली. पट्टीत गिऱ्हाईक डावीकडे असतं आणि मी उजवीकडे. दुकानात येणारे विचारतात, "ताई, तुम्ही तर इकडे उभ्या असता." असते. पण आपण वाचतो डावीकडून. डावीकडच्या माणसाचा फुगा, म्हणजे संवादाचा गोल, आधी वाचला जातो, म्हणून आधी बोलणारा डावीकडे हवा. मेडिकलमध्ये आधी कोण बोलतं? गिऱ्हाईक. आधी बोलणारा उजवीकडे उभा केला तर त्याचा फुगा वर, दुसऱ्याचा खाली, दोघांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतायत, असला गुंता होतो. एकदा जागा बदलली की तो प्रश्न कायमचा मिटला.

आता माणसं. मोजून चार आहेत, अधूनमधून पाचवा डोकावतो. ताई म्हणजे मी: अंबाडा, चष्मा, ॲप्रन. सोन्या म्हणजे घरपोच औषधं देणारा मुलगा: कपाळावर उभी बट, मान कायम खाली, कारण हातात मोबाइल. आजोबा: गांधी टोपी आणि बारा महिने छत्री. अण्णा: दिंडोरीकडचे द्राक्षवाले, गळ्यात पंचा, बोलणं "पाऊस येऊ राहिला, ताई" असं. यातलं कुणीही जसंच्या तसं खरं नाही. टोपी एकाची, बोलणं दुसऱ्याचं, छत्री माझ्या सासऱ्यांची. आणि कुणाचा आजार, कुणाची चिठ्ठी पट्टीत कधी येत नाही. तो धंद्याचा नेम आहे, विनोदासाठी मोडायचा नाही.

माणूस काढताना मी एक कसोटी लावते: पूर्ण काळा रंगवला तरी ओळखू यायला हवा. टोपी-छत्री, अंबाडा, बट, पंचा. नाकडोळे पुसून टाकले तरी कोण कोण ते कळतं. मोबाइलच्या पडद्यावर चौकट अंगठ्याएवढी दिसते. तिथे डोळ्यांच्या पापण्या कोण बघणार? डोकं मात्र मोठं काढायचं. खरा माणूस साधारण सात-साडेसात डोक्यांएवढा उंच असतो, पट्टीतला तीन डोक्यांचा पुरतो. चेहरा वाचता आला पाहिजे, बाकी शरीर टेकू म्हणून. प्रत्येकाचं समोरून, बाजूनं, मागून असं एकेक चित्र काढून मी काचेच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. नाहीतर तीन महिन्यांनी आजोबांचं नाक हळूहळू वाढत जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

लिहिण्याचं काम एमआरच्या, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या, पॅडवर चालतं. कंपन्यांचे एमआर पॅड देतात, वर औषधाचं नाव रंगीत छापलेलं, खाली अर्धं पान कोरं. काउंटरवर कानावर पडलेलं वाक्य मी तिथे जसंच्या तसं उतरवून ठेवते. त्यातली बरीच वाक्यं कधीच उपयोगी पडत नाहीत. काही अशी असतात की त्यांना हातही लावावा लागत नाही. अण्णांचं हे घ्या:

"ताई, खोकल्याचं औषध द्या."

"कुणाला झालाय?"

"अजून कुणाला नाही. उद्या फवारणी आहे."

यात मी काय भर घालणार! दोन चौकटींत झालं. हे वाक्य द्राक्षबागेच्या मुलखातच जन्माला येतं, ते घरी बसून सुचत नाही.

पण सगळं असं आयतं मिळत नाही. एक पट्टी कशी उभी राहते ते सविस्तर सांगते, कारण त्यातच सगळी मेख आहे. कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा, दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं: "ती पांढरी गोळी द्या, मागच्या वेळी दिली ती." हा प्रसंग चार चौकटींत बसवायचा होता. पॅडवर पहिल्यांदा उतरवलं ते असं. आजोबा म्हणतात, ती गोळी दे गं पोरी, मागच्या वेळची. ताई म्हणते, नाव काय? आजोबा म्हणतात, पांढरी. ताई म्हणते, "अहो आजोबा, दुकानातल्या निम्म्याहून जास्त गोळ्या पांढऱ्याच असतात, मी ओळखू कशी?" हे अगदी खरं आहे, आणि अजिबात हसू येत नाही. ताईचं शेवटचं वाक्य म्हणजे विनोद सांगून झाल्यावर त्याचा अर्थ समजावणं.

म्हणून ताईचं तोंड बंद केलं. तिसऱ्या चौकटीत तिला पाठमोरी केली. समोर फळ्या, छतापर्यंत खोकी, आणि ती नुसती मान वर करून बघतेय. फुगा नाही. अक्षर नाही. आजोबा डावीकडे शांतपणे छत्रीवर टेकलेले. मग चौथी चौकट, पुन्हा दुसरीसारखीच, आणि आजोबांचा एकच शब्द:

"गोल."

या पट्टीवर लोक हसले ते "गोल"वर, पण हसवलं तिसऱ्या चौकटीनं. ती काढून टाकून तीन चौकटींची पट्टी करून बघा. "पांढरी" आणि "गोल" एकापाठोपाठ येतात आणि दोन्ही वाया जातात. आजोबांना मदत करायची आहे, ते मनापासून आठवतायत, आणि आठवून आठवून त्यांनी सगळ्यात उपयोगी खूण सांगितली, हे कळायला मधे वेळ जावा लागतो. वेळ दाखवायला पट्टीत घड्याळ नसतं. एक चौकट रिकामी सोडली की वेळ जातो. पहिली, दुसरी आणि चौथी यांची मांडणी सारखी ठेवल्यामुळे तिसरी एकदम वेगळी उठून दिसते. जागा आधीच पाठ असल्यानं वाचणारा त्या चौकटीत आणखी काही शोधत बसत नाही; ताईबरोबर तोही फळ्यांकडे बघत थांबतो.

अजिबात न बोलणारी पट्टीही मी कधीतरी काढते. वजनकाट्याची तशीच आहे. चौकट एक: बाई काट्यावर. दोन: चप्पल काढून काट्यावर. तीन: पर्स आणि मोबाइल सोन्याच्या हातात देऊन काट्यावर. चार: काटा सोन्याच्या डोक्यावर आहे आणि बाई त्याला दुकानाबाहेर बोट दाखवतेय. मराठीत नि:शब्द विनोद म्हटलं की शि. द. फडणीसांचं नाव आधी येतं. १९२५ सालचा त्यांचा जन्म, आणि त्यांच्या चित्रांतला विनोद कळायला खाली ओळ लागत नाही. त्यांची चित्रं मी जेव्हा जेव्हा बघते तेव्हा मला वाटतं की आपण फारच बोलतो.

आता अक्षराबद्दल, कारण याविषयी कुणी नीट सांगत नाही. इंग्रजी पट्ट्यांमध्ये बहुतेक वेळा सगळी अक्षरं कॅपिटल असतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. सगळी एकाच उंचीची. ओळी एकमेकींना चिकटून बसवल्या तरी चालतं. आपलं तसं नाही. आपल्या प्रत्येक ओळीला वरचा मजला आहे आणि तळघरही आहे. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. वरच्या ओळीतला 'कू' आणि खालच्या ओळीतला 'कै' एकमेकांच्या समोर आले की कुस्ती ठरलेली. म्हणून दोन ओळींमध्ये जवळजवळ अक्षराच्या उंचीएवढी जागा सोडावी लागते. जी चौकट इंग्रजीत चार ओळी पोटात घेईल ती मराठीत दोनच ओळी घेते. इंग्रजी पट्टी बघून तेवढाच फुगा काढायचा आणि मग त्यात मराठी कोंबायचं, हे जमणारच नाही.

यावर माझा नियम साधा आहे. आधी अक्षरं, मग फुगा, मग माणूस. पेन्सिलीनं चार रेघा आखायच्या: वेलांटीच्या टोकाची, शिरोरेषेची, अक्षराच्या पायाची आणि उकाराच्या बुडाची. त्यात शब्द लिहायचे. सगळी अक्षरं आधी, शिरोरेषा शेवटी एका दमात, शाळेत बाईंनी शिकवलं तसंच. शब्दांच्या भोवती श्वास घ्यायला जागा सोडून फुगा. शेपटी तोंडाच्या दिशेनं, पण तोंडाला टेकवायची नाही. जी जागा उरेल तिच्यात माणसं. बारा शब्दांच्या वर वाक्य गेलं की माणसांना मान वाकवून उभं राहावं लागतं, म्हणून वाक्यच छाटायचं. मराठीत छाटायला वावही भरपूर आहे. "तुम्ही मला ती गोळी द्याल का" याचं "ती गोळी दे" होतं, आणि आजोबाही जास्त आजोबांसारखे बोलतात.

शिरोरेषेची एक गंमत मात्र आपल्याकडेच आहे. थरथरत्या आवाजात बोलायचं असेल तर ती रेघ थरथरती काढायची. ओरडणं असेल तर जाड. अण्णा लांबून हाक मारतात तेव्हा मी शिरोरेषा चौकटीबाहेर नेते. फॉन्ट वापरून हे होत नाही. फॉन्ट मी वापरून बघितलेत, पट्टी लगेच सरकारी जाहिरातीसारखी दिसायला लागते. आणि आवाज! शटरचं खर्रर्र, काचेच्या बरणीचं खळ्ळ, गोळी घरंगळल्याचं टुण्ण, सोड्याचं फस्स. हे शब्द मी फुग्याबाहेर, त्या वस्तूला चिकटवून काढते, आणि तेवढ्यापुरती माझ्यातली चित्रकार खरोखर खूश असते.

साहित्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी चटकन सांगते. जाड कार्ट्रिज कागद, ए-फोर. २एच पेन्सिल किंवा फिकट निळी. निळीचा फायदा असा की स्कॅन केल्यावर ती संगणकात सहज उडवता येते, खोडत बसायला नको. पाण्यानं न पसरणाऱ्या शाईची पेनं: ०.८ बाह्यरेषेला, ०.५ अक्षराला. ०.१ विकत घेऊ नका, त्याची रेघ मोबाइलवर दिसतच नाही. चौकट प्रत्यक्षात जेवढी दिसणार त्याच्या दुप्पट मोठी काढायची. लहान केल्यावर हाताची थरथर झाकली जाते. स्कॅन ६०० डीपीआयला. हे सगळं मेन रोडच्या बाजूच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळतं, निळी पेन्सिल सोडून. ती मागितल्यावर मला आकाशी रंगाची खडू पेटी दाखवण्यात आली होती.

चौकटी चारच का, आणि त्याही एका मापाच्या का, हेही विचारतात. चार्ल्स शुल्झ नावाच्या अमेरिकन चित्रकाराची 'पीनट्स' ही पट्टी २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली. ती वर्तमानपत्रांना विकली गेली ती कमी जागेत बसणारी पट्टी म्हणून. चारही चौकटी सारख्या, त्यामुळे संपादकाला हवं तर आडव्या ओळीत, हवं तर एकाखाली एक उभ्या, हवं तर दोनावर दोन अशा छापता यायच्या. शुल्झला ही अडचण वाटायची म्हणतात, पण रोजच्या पट्ट्या त्यानं १९८८ पर्यंत त्याच मापात काढल्या. पट्टी चालली जवळजवळ पन्नास वर्षं. १७,८९७ पट्ट्या, सगळ्या स्वतःच्या हातानं, अक्षरांसकट. शेवटची १३ फेब्रुवारी २००० ला छापून आली, आदल्याच रात्री तो गेला होता. संपादकाची ती सोय आज मला फुकटात मिळते. इन्स्टाग्रामवर दोनावर दोन असा चौकोन टाकते, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला एकाखाली एक उभी, आणि दुकानात काउंटरच्या काचेखाली आडवी प्रिंट. चित्र तेच.

काचेखालच्या प्रिंटचा एक तोटा आहे. लोक औषध घेऊन जात नाहीत, वाचत उभे राहतात. रांगेतला मागचा माणूस वाकून बघतो. एक आजी दर आठवड्याला येऊन सोन्याला वाचून दाखवायला लावतात आणि सोन्या स्वतःचे संवाद मुद्दाम गाळतो.

जागा सोडायची नाही म्हटलं, तरी वर्षातून एकदा मी ती सोडते. पावसाळ्यात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आख्खं नाशिक एकमेकांना एकच विचारतं: दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत आलं? रामकुंडाजवळचा हा मारुती म्हणजे आमचा पूर मोजायचा काटा. क्युसेकचे आकडे रेडिओवर, टीव्हीवर येत असतात, पण कमरेला, छातीला, गळ्याला असं सांगितल्याशिवाय नाशिककराला पूर कळत नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये मूर्ती बघायला गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) केवढी गर्दी लोटली होती! आता यापेक्षा तयार पट्टी कुठे मिळणार? चौकट हलवायचीच नाही. मारुती तिथेच, मागचा पूल तिथेच, अलीकडे पाठमोरे आजोबा आणि सोन्या तिथेच. हलते ती फक्त पाण्याची रेघ.

सोन्या: "पायाला लागलं."

सोन्या: "कमरेला लागलं."

सोन्या: "छातीला लागलं."

आजोबा: "आमच्या नळाला कधी लागायचं?"

ही काढताना पेन्सिलीचं एकच चित्र केलं, ते चार वेळा काचेवर ठेवून खालून दिवा लावून उतरवलं, आणि पाणी तेवढं वेगवेगळं काढलं. पहिल्या चौकटीत लाटा बारीक आणि पुष्कळ, चौथीत दोनच जाड रेघा, कारण खूप पाणी असलं की ते शांत दिसतं. आजोबांची छत्री पहिल्या तिन्ही चौकटींत उघडी आहे, चौथीत मिटलेली. पाऊस थांबलाय आणि तरी पाणी चढलंय, हे धरणाखाली राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पुण्याच्या एका वाचकानं मात्र विचारलं की छत्री का मिटली, चुकून का? त्याला सविस्तर उत्तर दिलं.

कॅमेरा न हलवता नुसता बदल दाखवण्यात काय ताकद आहे ते आमच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना फार लवकर उमगलं होतं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या आधी त्यांनी कुंडीतलं बी रुजून अंकुर वर येतो ते टप्प्याटप्प्यानं टिपून छोटासा चलत्पट केला होता. कुंडी तिथेच, कॅमेरा तिथेच, वाढतंय तेवढं रोप. गोष्ट म्हणावी तर काहीच नाही, आणि तरी बघणारा जागचा हलत नाही. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मावशी, म्हणजे मी ते जळणारं शहरच चार वेळा काढू का?" हुशार आहे. मी म्हटलं काढ, पण खिडक्या कमी कर.

त्यानं केल्या. नायकाचे पंखही गेले. सध्या तो त्याच्या कॉलेज रोडच्या भाड्याच्या खोलीतल्या गॅसच्या शेगडीवर पट्टी काढतोय. तीन पोरं, एक शेगडी, एक पातेलं. झकास चाललंय.

माझ्यापुढे सध्या वेगळाच पेच आहे. सिंहस्थ येतोय. २०१५ च्या वेळी आमच्याकडेसुद्धा चालून चालून पायाला फोड आलेले यात्रेकरू येत होते, बँडेज आणि ओआरएस पुरवता पुरवता पुरेवाट झाली होती. येत्या कुंभात ते पट्टीत आणायचंच आहे. म्हणजे गर्दी काढणं आलं, आणि गर्दी म्हणजे पाय नसले तरी डोकी आली. सराव करून करून एक युक्ती जमलीय: पुढचे तीन चेहरे पूर्ण, त्यांच्या मागे नुसत्या टोप्या, जटा आणि पदर, त्याच्याही मागे फक्त अर्धगोल, आणि सगळ्यात वर डोक्यांवरून पुढे आलेले हात. चौकट तीच, काउंटर तेच, फ्रिज तोच. फक्त पहिल्या चौकटीत एक हात, दुसरीत सहा, तिसरीत मोजता न येणारे. ताई दिसेनाशी झालीय, तिचा अंबाडा तेवढा वर.

चौथीत सोन्या काय म्हणतो ते ठरत नाहीये. आत्ता तो "सुट्टे द्या" म्हणतोय. पण ते सगळे हात मी मोबाइल धरलेले काढलेत, ते आता खोडायचे की सोन्याला दुसरं वाक्य द्यायचं?